माशाला थंडी वाजते का? : पाण्याचं तापमान आणि माशाचं शरीर



गेल्या वेळी आपण ‘शरीराची हद्द नेमकी कुठे संपते?’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. आज त्याच प्रश्नाकडे वेगळ्या वाटेनं जायचंय, आणि ती वाट पाण्यातून जाते. विषय आहे मासा आणि तापमान. आधीच कबूल करतो, मी प्राणिशास्त्राचा माणूस नव्हे. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. मग माशांकडे कसा वळलो? तर माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

माझ्या नातीकडे काचेच्या टाकीत सात गप्पी मासे होते. डिसेंबरचा महिना, पुण्यातली थंडी. टाकीचं पाणी बदलायचं होतं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून मी आदल्या रात्री दोन बादल्या भरून गच्चीवर उघड्या ठेवल्या. आपण फार शास्त्रशुद्ध काम करतोय असं वाटत होतं. सकाळी ते पाणी टाकीत ओतलं. हात घातला तर बोटं बधिर होत होती, पण माझं लक्ष क्लोरीनवर! अर्ध्या तासात मासे तिरके व्हायला लागले, तळाशी जाऊन पडले. संध्याकाळपर्यंत पाच गेले.

नातीनं विचारलं, “आजोबा, त्यांना थंडी वाजली का?” मी सवयीनं म्हणालो, “नाही गं, मासे थंड रक्ताचे असतात. त्यांना थंडीचं काय?” बोलून गेलो आणि माझ्याच लक्षात आलं की समोर पाच मेलेले मासे माझं म्हणणं खोडून काढतायत. शाळेत पाठ केलेलं वाक्य होतं ते. त्याचा अर्थ मी कधी तपासलाच नव्हता. तर आज तो तपासू या.

पहिली गोष्ट, ‘थंड रक्ताचा’ हा शब्दच फसवा आहे. ३० अंशांच्या तळ्यातल्या माशाचं रक्त जवळजवळ ३० अंशांचं असतं. त्याला थंड कसं म्हणणार? खरं म्हणणं एवढंच आहे की बहुतेक माशांचं शरीर सभोवतालच्या पाण्याच्या तापमानाला असतं, फार तर एखाद्या अंशाचा फरक. पाणी तापलं की मासा तापतो, निवलं की निवतो.

असं का? माशाच्या शरीरात उष्णता तयार होत नाही का? होते की. अन्न जळतं, स्नायू हलतात, उष्णता निघते. मग ती जाते कुठे?

इथे मला ॲरिस्टॉटल आठवतो. श्वसनावरच्या त्याच्या छोट्या ग्रंथात तो म्हणतो की श्वास हा शरीर थंड करण्यासाठी असतो. जमिनीवरचे प्राणी फुप्फुसात हवा घेऊन थंड होतात, मासे कल्ल्यांत पाणी घेऊन. श्वासाचा हेतू त्यानं चुकीचा सांगितला, प्राणवायूची कल्पना त्या काळात कुणालाच नव्हती. पण गंमत बघा, कल्ला शरीर थंड करतो हे त्याचं निरीक्षण मात्र अगदी खरं निघालं. मासा गरम राहू शकत नाही, त्याचं मुख्य कारण कल्लाच.

एक छोटा हिशेब मांडतो. कागद-पेन्सिलीची गरज नाही. एक लिटर हवेत साधारण २१० मिलिलीटर प्राणवायू असतो. एक लिटर कोमट पाण्यात विरघळलेला प्राणवायू जेमतेम ६ मिलिलीटर. म्हणजे माशाला श्वासासाठी प्रचंड पाणी कल्ल्यांतून फिरवावं लागतं. आता समजा, माशानं त्या एक लिटर पाण्यातला सगळाच्या सगळा प्राणवायू वापरला. एक मिलिलीटर प्राणवायूतून शरीराला साधारण २० ज्यूल ऊर्जा मिळते. ६ मिलिलीटरमधून १२०. आणि तेच एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला किती लागतात? सुमारे ४,२०० ज्यूल. म्हणजे सगळी ऊर्जा उष्णता म्हणून ओतली तरी पाणी तापणार अंशाच्या तीन-शतांशानं. ०.०३ अंश!

आणि ते पाणी कल्ल्यांवरून जाणारच आहे, ते टाळता येत नाही. कल्ल्यातला रक्त आणि पाणी यांच्यामधला पडदा इतका पातळ असतो की प्राणवायू आत येतो, त्याहून वेगानं उष्णता बाहेर जाते. शरीरातलं सगळं रक्त पुन्हा पुन्हा तिथून फिरतं आणि प्रत्येक फेरीत कमावलेली ऊब धुऊन निघते. म्हणजे खिडकी उघडल्याशिवाय श्वास नाही, आणि खिडकी उघडी ठेवून घर गरम करायचं, अशी माशाची अडचण आहे.

आता तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. क्लोद बर्नार, एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. त्यानं मांडलं की प्राण्याच्या शरीरात एक ‘आतलं पर्यावरण’ असतं आणि ते स्थिर राखता येणं ही स्वतंत्र जीवनाची अट आहे. पुढे वॉल्टर कॅनननं १९२० च्या दशकात याच विचाराला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिलं. बाहेर ऊन असो, बर्फ असो, आपण आत ३७ अंशच. याला आपण नियमन म्हणतो.

ही व्याख्या धरली तर मासा नापास. आत स्थिर काही नाही, बाहेरचं जे असेल तेच आत. पण मला वाटतं, घाई करतोय आपण. नियमन शरीराच्या आतच झालं पाहिजे, असं कुणी ठरवलं? मासे तीन वाटांनी आपलं तापमान सांभाळतात. एक, जागा बदलून. दोन, स्वतःला बदलून. तीन, आणि ही फार थोड्यांना जमलेली, आत शेगडी पेटवून. एकेक घेऊ.

पहिली वाट, जागेची. तळं वरून दिसतं एकसारखं, पण त्यात तापमानाचे थर असतात. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम, खालचं गार. काठाच्या उथळ पाण्यात एक, झाडाच्या सावलीत दुसरं. माशाला अंशाच्या लहानशा भागाइतका फरकही जाणवतो. प्रयोगशाळेत एकाला एक जोडलेल्या दोन टाक्या घेतात, एक गरम, एक गार. मासा इकडून तिकडे ये-जा करत राहतो आणि काही वेळानं आपल्या पसंतीच्या तापमानाभोवती स्थिरावतो. पसंती जातीजातीची वेगळी. म्हणजे माशाचा थर्मोस्टॅट त्याच्या डोक्यात आहे, पण त्याला जोडलेली शेगडी शरीरात नाही. ती बाहेर तळ्यात आहे.

याचा सर्वांत सुंदर पुरावा तापाचा आहे. हो, ताप! १९७६ मध्ये रेनॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत माशांना जिवाणू टोचले. आपल्या अंगात जिवाणू शिरले की आपल्याला ताप येतो, शरीर आतून तापतं. माशाला आतून तापता येत नाही. मग त्या माशांनी काय केलं? ते नेहमीपेक्षा गरम पाण्यात जाऊन राहिले. ताप त्यांनी बाहेरून आणला. पुढच्या वर्षी गोल्डफिशवर झालेल्या प्रयोगात असंही दिसलं की आजारी माशाला असं गरम पाणी मिळालं तर जगण्याची शक्यता वाढते. आपण कुडकुडत गोधडीत शिरतो ना, तसंच काहीसं. मग मला सांगा, इथे नियमन आहे की नाही? आहेच. फक्त ते पोहण्यातून होतं.

दुसरी वाट, स्वतःला बदलण्याची. समजा, जागा बदलायला वाव नाही. सगळं तळंच हळूहळू गार होतंय, थंडीचे दिवस येतायत. पाणी १० अंशांनी उतरलं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर येतो. मासा मंदावतो, भूक कमी होते. पण प्रश्न फक्त वेगाचा नाही. पेशीची भिंत, म्हणजे तिच्याभोवतीचं पातळ आवरण, स्निग्ध पदार्थांचं बनलेलं असतं. आणि स्निग्ध पदार्थ थंडीत काय करतात हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली थिजते, शेजारी ठेवलेलं शेंगदाण्याचं तेल वाहतं राहतं. फरक त्या तेलांच्या रेणूंच्या घडणीत आहे. खोबरेलात सरळ, एकमेकांना चिकटून बसणारे रेणू जास्त. दुसऱ्यात वाकडे, नीट न बसणारे जास्त.

मासा नेमकं हेच करतो. पाणी गार व्हायला लागलं की तो आपल्या पेशींच्या आवरणातले रेणू बदलायला घेतो, सरळांच्या जागी वाकडे. आवरण प्रवाही राहतं. त्याशिवाय काही विकरांची पातळी बदलते, काहींच्या जागी थंडीत बरं चालणारे दुसरे प्रकार येतात. कार्प कुळातल्या माशांमध्ये, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या भाऊबंदांमध्ये, हे बरंच अभ्यासलं गेलंय. थंडीत त्यांच्या स्नायूंच्या पेशींतली ऊर्जाघरंसुद्धा वाढतात. उन्हाळ्यातला मासा आणि थंडीतला मासा, आत पाहिलं तर जरा वेगळे प्राणी आहेत.

पण या सगळ्याला वेळ लागतो. काही दिवस, कधी काही आठवडे. आणि माझी बादली किती वेळात रिकामी झाली? दोन मिनिटांत. आता कळलं काय झालं ते. थंडी हा एकटाच गुन्हेगार नव्हता. तेच पाणी पंधरवड्यात हळूहळू त्या पातळीच्या थोडं जवळ गेलं असतं, तर कदाचित त्यातले काही तगले असते. मी त्यांना अवधी दिला नाही. टाकी काचेची, तेव्हा पळायला दुसरी जागाही नाही. दोन्ही वाटा मीच बंद केल्या होत्या.

या बदलण्यालाही मर्यादा आहे हे लक्षात घ्या. टोरांटोच्या फ्रेड फ्राय यांनी १९४० च्या दशकात गोल्डफिशवर केलेलं काम या विषयातला पाया मानलं जातं. त्यांना असं दिसलं की मासा जितक्या गरम पाण्याला सरावतो, तितकी त्याची सहनशक्तीची वरची हद्द वर सरकते. पण किती? पाणी ३ अंशांनी चढवलं तर हद्द साधारण १ अंशानं. म्हणजे जमीन तीन पायऱ्या वर येते तेव्हा छत एकच पायरी वर जातं. शेवटी डोकं छताला लागतंच.

आणि काही मासे तर फार बारीक पट्ट्यात अडकलेले आहेत. अंटार्क्टिकाचं समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांपर्यंत उतरतं. साध्या माशाचं रक्त त्याच्या आधीच गोठेल. १९६० च्या दशकात आर्थर डिव्रीज यांना तिथल्या माशांच्या रक्तात एक खास प्रथिन सापडलं. ते बर्फाच्या सूक्ष्म कणांना चिकटतं आणि कण वाढू देत नाही. किती अचाट सोय! पण त्यातले काही मासे पाणी ६ अंशांच्या आसपास गेलं की मरतात. पुण्यात आपण ६ अंशांना कानटोपी शोधतो. त्यांना तो उष्माघात.

आता तिसरी वाट, शेगडीची. १८३५ मध्ये जॉन डेव्ही या वैद्यानं लिहून ठेवलं की ट्यूनाच्या कुळातले मासे पाण्याहून सुमारे १० अंशांनी गरम असतात. हा हम्फ्री डेव्हीचा भाऊ. पण कल्ल्याची ती उघडी खिडकी असताना हे जमतं कसं, याचं उत्तर नीट मिळायला १९६६ उजाडलं. वुड्स होलच्या फ्रँक केरी आणि जॉन टील यांनी ते दाखवलं.

कल्पना करा, एका उबदार सभागृहातून माणसं बाहेर पडतायत आणि त्याच अरुंद दारातून बाहेरची गारठलेली माणसं आत येतायत. बाहेर पडणारा प्रत्येक जण दारातच आपली शाल येणाऱ्याच्या अंगावर टाकतो. माणसं बदलत राहतात, शाली आतच राहतात. ट्यूनाच्या स्नायूंपाशी अगदी असंच बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. स्नायूतून निघालेलं गरम रक्त आणि कल्ल्यातून आलेलं थंड रक्त शेजारीशेजारी, उलट दिशांनी वाहतं. ऊब एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि गरम रक्त कल्ल्यापर्यंत पोचायच्या आधीच निवून जातं. खिडकी उघडीच आहे, पण तिच्यापाशी उष्णता पोचतच नाही. या जाळ्याचं जुनं लॅटिन नाव आहे ‘रेटे मिराबिले’, म्हणजे अद्भुत जाळं.

तुमच्यात कोकणातलं कुणी असेल तर त्यांनी हे स्वयंपाकघरात पाहिलंय. बांगडा कापला की काळपट मांस कातडीच्या लगेच खाली, बाजूला दिसतं. कुपा, ज्याला काही ठिकाणी गेदर म्हणतात, तो कापला की काळं मांस आत, मणक्याजवळ. हा ट्यूनाच्याच कुळातला. सतत पोहत राहणारा हा स्नायू म्हणजे शेगडी, आणि ती शेगडी त्यानं कातडीपासून दूर, आत नेऊन ठेवली आहे.

मोठ्या ब्लूफिन ट्यूनामध्ये पाणी २० अंशांनी बदललं तरी आतले स्नायू पाच-सहा अंशांच्या पट्ट्यातच राहतात. तलवारमासा आणखी काटकसरी. त्याला शरीर तापवायला परवडत नाही, म्हणून तो फक्त डोळे आणि मेंदू गरम ठेवतो. डोळ्याच्या एका स्नायूचीच त्यानं शेगडी करून टाकली आहे, जी हलत नाही, फक्त तापते. खोल, थंड, अंधाऱ्या पाण्यात डोळे गरम असले की वेगानं पळणारं भक्ष्य अधिक स्पष्ट दिसतं. २०१५ मध्ये ओपाह या माशाबद्दल कळलं की त्याचं उष्णतेचं जाळं थेट कल्ल्यातच आहे, त्यामुळे त्याचं हृदयही गरम राहतं. आणि २०२३ मध्ये हवाईजवळच्या हातोडी शार्कबद्दल कळलं की तो खोल, थंड पाण्यात बुडी मारताना चक्क कल्ले मिटून घेतो. श्वास रोखून ऊब वाचवतो!

मग सगळ्यांनीच हे का केलं नाही? किंमत फार आहे. गरम शरीराला सतत इंधन लागतं, सतत शिकार, सतत पोहणं. माशांच्या ३०,००० हून जास्त जातींपैकी ही वाट धरणारे काही डझनच. बाकीच्यांनी कमी खर्चात जगणं पत्करलं. आपण ज्याला स्वातंत्र्याची अट म्हणतो ती स्थिरता विकत घ्यावी लागते, आणि बहुतेक माशांनी तो सौदा केला नाही. त्यांचं स्वातंत्र्य दुसरं होतं : इथलं पाणी मानवलं नाही, तर तिथे जाऊ.

आता मी मूळ मुद्द्याशी येतो. जर माशाचं नियमन बाहेर होत असेल, तर त्याच्या शरीराची हद्द कातडीपाशी संपत नाही. तळ्यातला सावलीचा कोपरा, खालचा गार थर, वर जायला मोकळा असलेला ओढा, हे सगळं त्याच्या तापमान-नियमनाचे अवयव आहेत. आपली घामाची ग्रंथी जशी आपली, तसा तो गार डोह माशाचा. डोह बुजवला तर पाण्याबरोबर माशाचा एक अवयव गेला.

आणि पाणी तापतंय. त्यात एक दुहेरी पेच आहे. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. म्हणजे तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि त्याच वेळी माशाच्या शरीराची मागणी दुप्पट. उन्हाळ्यात पहाटे शेततळ्यातले मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात. रात्रभर वनस्पतींनीही प्राणवायू वापरलेला असतो, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत वाईट. मत्स्यशेती करणारे तेव्हा पाणी खेळतं करायला धावतात.

समुद्रात मासा निदान जाऊ शकतो. तारली हा मासा पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याचा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलंय की तो गेल्या काही दशकांत उत्तरेकडे मोठ्या प्रमाणात मिळू लागला, आणि बांगडा जास्त खोल पाण्यात सापडू लागला. याला तापमान हे एकच कारण नाही. अन्न, पाऊस, मासेमारी यांचाही हात असतो. पण पाणी बदललं की मासा हलतो, ही त्याची जुनीच रीत आहे. मासा हलला की त्याच्यावर जगणाऱ्या माणसांनाही हलावं लागतं, आणि होडीचं बंदर इतक्या सहज हलत नाही.

सह्याद्रीतल्या लहान ओढ्यातला मासा मात्र कुठे जाणार? वर डोंगरमाथा, खाली बंधारा. त्याची अवस्था माझ्या नातीच्या टाकीसारखीच, फक्त बादली जरा सावकाश ओतली जातेय.

इथे थांबतो. दोन चिठ्ठ्या आल्यात, त्या घेतो.

पहिली : “मग माशाला थंडी वाजते का, हो की नाही?” आपल्यासारखी कुडकुड त्याला नाही. पण गार आणि गरम त्याला कळतं, त्यातलं एक तो निवडतो, आणि निवड हिरावली की त्याचं बिघडतं. त्याला ‘आत’ काय वाटतं हे सांगायचा अधिकार मला नाही. पण नातीला मी जे उत्तर दिलं ते चूक होतं, एवढं नक्की सांगतो. मी घरी जाऊन तिला तसं सांगितलंही.

दुसरी : “टाकीचं पाणी बदलावं कसं?” सगळं एकदम बदलू नका, थोडं थोडं बदला. नवं पाणी खोलीतच ठेवा, ते टाकीतल्या पाण्याइतकं कोमट झालं की मगच घाला. नवा मासा आणला तर पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग सोडा. आणि हात घालून पाहा. मी घातला होता, पण बोटांनी सांगितलेलं ऐकलं नाही.

उरलेले दोन गप्पी अजून आहेत. आता त्यांची पिल्लंही झालीत.